कोनिक घोडा: समज आणि सत्य

कोनिक म्हणजे युरोपातला लुप्त झालेला रानघोडा, तार्पान.

हा समज रुजला यात नवल नाही. उंदरी रंग, पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेला काळा पट्टा, ठेंगणा बांधा; जुन्या वर्णनांतला तार्पान डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यात पोझ्नानचे प्राध्यापक ताडेउश वेटुलानी यांनी १९३६ मध्ये बियाओव्येझाच्या जंगलात अशाच घोड्यांपासून तार्पान पुन्हा घडवण्याचा प्रयोग सुरू केला आणि दंतकथेला विद्वत्तेचे पाठबळ मिळाले. पण त्यांनी निवडलेली जनावरे पोलंडच्या शेतकऱ्यांकडची, गाडीला जुंपली जाणारी होती. पोलिश भाषेत ‘कोनिक’चा अर्थच ‘छोटा घोडा’. पाठीवरचा पट्टा नॉर्वेच्या फ्योर्ड घोड्यालाही असतो. डीएनए तपासणीतही कोनिक इतर पाळीव घोड्यांच्याच गोतावळ्यात बसतो. कूळ साधे निघाले म्हणून त्याचे मोल घटत नाही. ते त्याच्या दातांत आणि आतड्यात आहे.

घोडे सोडले की रान उजाड होते.

ओसाड गायरान पाहिलेल्याला हे पटते, आणि जनावरे बेसुमार झाली तर ते खरेही आहे. मात्र इंग्लंडमधल्या विकेन फेनसारख्या पाणथळीत कोणी चरलेच नाही, तर झुडपे माजतात आणि उघड्या जागेतल्या वनस्पती, कीटक व पक्षी हटतात. म्हणून तिथे २००१ मध्ये कोनिक आणले गेले. गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा पुंजका वेढून ओढते. घोडा दोन्ही जबड्यांच्या दातांनी जमिनीलगत कापतो. तो रवंथ करत नाही, त्यामुळे निकस, राठ गवतही भरपूर खाऊन भागवतो. शिवाय जिथे लीद टाकतो, तिथले गवत टाळतो. मग कुठे खुरटी हिरवळ, तर कुठे कमरेएवढे दाट गवत उरते. यंत्राच्या सरसकट कापणीत ही विविधता येत नाही.

एवढ्या काटक घोड्याला माणसाची गरजच नाही.

कोनिक बर्फातही तबेल्याविना तगतो, त्यावरून हा निष्कर्ष काढला जातो. नेदरलँड्समधल्या ओस्टवार्डर्सप्लासनमध्ये १९८४ पासून कोनिक आहेत. सुमारे ५,६०० हेक्टरच्या या क्षेत्राला कुंपण आहे, आणि घोड्यांची शिकार करून संख्या आवरेल असे श्वापद तिथे नव्हते. घोडे, हरणे, गुरे वाढत गेली. २०१७-१८ च्या हिवाळ्यात ३,००० हून अधिक जनावरे दगावली. त्यांतली बहुतेक उपासमारीने खंगलेली असल्याने वनरक्षकांनाच गोळ्या घालाव्या लागल्या. काटक जनावरालाही चारा लागतोच, आणि कुंपणामुळे दुसरीकडे जाण्याची वाट बंद होती. त्यानंतर तिथल्या जनावरांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली.