राउटरची वही

मंडळी, मागच्या वेळी आपण घरातलं नेटवर्क पाहिलं. आज त्याच्या उंबरठ्यावर येऊ. बाहेरून आलेल्या फायबरमधला प्रकाश ओएनटी नावाची पेटी विद्युत्संकेतांत बदलते. माहितीचं पॅकेट कुठे धाडायचं, हे राउटर ठरवतो. काही घरांत ही दोन्ही कामं एकच पेटी करते.

राउटरला दोन बाजू, म्हणून पत्तेही दोन. आतला बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. असे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत. तोच पत्ता तुमच्या शेजाऱ्याकडेही असू शकतो. बाहेर त्याला अर्थ नाही. ही सोय का लागली? जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा. असे सुमारे ४२९ कोटीच होतात. जगाला ते पुरत नाहीत.

मग होतं काय, तर मोबाइलवरून पॅकेट निघालं की राउटर आतला पत्ता काढून स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो, एक पोर्ट क्रमांक जोडतो आणि आपल्या वहीत नोंद ठेवतो. उत्तर आलं की वही पाहून ज्याचं त्याला देतो. पुष्कळदा इंटरनेट कंपनीही हेच पुन्हा करते. मग अनेक घरांचा बाहेरचा पत्ता एकच होतो.

आता सांगा, ‘धमकी या पत्त्यावरून आली, म्हणून ती याच माणसाने दिली’, हे अनुमान टिकेल का? आधी विचारायला हवं: पोर्ट कोणता? नेमकी वेळ कोणती? आणि त्या वेळची वही कुणी जपून ठेवली आहे का? पत्त्यावरून फार तर दार सापडतं. आत कोण होतं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.