शाळेतील शांतता आणि शांतता-दिन

‘शांतता’ या शब्दाला आमच्या मराठीत फार कामे करावी लागतात. वर्गात गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ‘शांतता!’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ तोंडे बंद करा एवढाच असतो. दोन राष्ट्रांची लढाई थांबली की वर्तमानपत्रे तोच शब्द छापतात. आणि गणपती किंवा ईद जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते, ती खामगाव-मलकापूरच्या नागरिकांना सांगायला नको. तेव्हा शांतता ही कोणीतरी वरून दरडावून राखावयाची वस्तू आहे, अशी मुलांची समजूत झाली तर दोष मुलांचा नव्हे. 21 सप्टेंबरचा आंतरराष्ट्रीय शांतता-दिन आपल्या जिल्ह्यातील शाळांनी पाळावा असे आम्ही म्हणतो, ते ही समजूत मोडावी म्हणून.

या दिवसाची हकीकत थोडक्यात अशी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1981 साली तो ठरविला आणि 1982 पासून तो पाळला जाऊ लागला. ठराव मांडण्यात कोस्टा रिका या चिमुकल्या देशाचा पुढाकार होता; त्या देशाने 1948 सालीच आपले सैन्य मोडून टाकले होते. आरंभी हा दिवस सप्टेंबरातील तिसऱ्या मंगळवारी येई. 21 ही तारीख कायम झाली ती 7 सप्टेंबर 2001 च्या ठरावाने. या दिवशी जगातील लढाया थांबवाव्यात असेही त्यात म्हटले होते. त्यानंतर चौथ्याच दिवशी न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळले. नुसत्या ठरावाने काही होत नाही, हे आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. पण ठराव हा निदान पुढच्या कामाचा आधार असतो.

मुलांच्या हातून काय होऊ शकते? हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि 1955 साली, बाराव्या वर्षी, ती गेली. तिच्या वर्गातल्या मुलांनी स्मारकाचा ध्यास घेतला, जपानभरच्या शाळांतून वर्गणी जमली, आणि 1958 साली मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. भाषण नव्हे, अडीच वर्षांचे काम!

हा विषय विदर्भालाही परका नाही. 1949 च्या डिसेंबरात जगातील शांततावादी सेवाग्रामला जमले होते. कामगारांना तर तो मुळीच परका नाही. सामाजिक न्यायावाचून कायमची शांतता नाही, हे तत्त्व पायाशी धरूनच 1919 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. आमच्या कामगार चळवळीचे आद्य पुरुष नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1893 च्या मुंबईच्या दंग्यात हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून खटपट केली. रविवारची सुट्टी मिळवून देणारा माणूस दंगा शमविण्यासाठीही धडपडतो, यात आम्हांला काही विसंगत दिसत नाही.

आता शाळांनी करावे काय? प्रभातफेरी, पांढरी कबुतरे, पाहुण्यांचे भाषण, अल्पोपाहार, असे असेल तर तो दिवस न पाळलेला बरा. शिक्षकांच्या डोक्यावर आधीच दिन पुष्कळ आहेत. आमची सूचना वेगळी आहे. 21 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर, म्हणजे गांधी जयंती, यांत अकरा दिवसांचे अंतर आहे. (2 ऑक्टोबरला 2007 पासून संयुक्त राष्ट्रांनीच अहिंसा-दिन म्हटले आहे.) पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गाने आपल्याच शाळेतले एक भांडण निवडावे. नळावर पाणी आधी कोणी प्यावे, मैदान मोठ्या मुलांनीच का अडवावे, मुलींना खेळायला जागा का नाही, अशी भांडणे कोणत्या शाळेत नाहीत?

मग आम्ही कारखान्याच्या दारात जे करतो ते मुलांनी करावे. मागणी लेखी मांडावी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकावे, आणि ते तिला पटेल अशा शब्दांत परत सांगून दाखवावे. हे शेवटचे फार अवघड असते. मोठमोठ्या पुढाऱ्यांना ते जमत नाही. मग जे ठरेल ते कागदावर उतरवावे, सह्या कराव्यात, आणि करार पाळला जातो की नाही हे केव्हा तपासायचे ती तारीख त्यातच घालावी. तोंडी समेट आठवडाभरही टिकत नाही, हा आमचा अनुभव आहे. दोन ऑक्टोबरला हे करार सर्वांसमोर वाचून दाखवावेत.

आणखी एक गोष्ट, आणि आमच्या मते हीच मुख्य. आपल्या जिल्ह्यात मराठी शाळा आहेत तशा उर्दू शाळाही आहेत. एकाच गावची मुले दहा-दहा वर्षे शिकतात आणि एकमेकांच्या शाळेचा उंबरठा ओलांडत नाहीत. सैलानीच्या यात्रेत त्यांचे आईबाप एकाच गर्दीत चालतात. मुलांनी मात्र एकमेकांना ओळखायचे ते अफवांवरून! त्या अकरा दिवसांत एक दिवस मराठी शाळेने उर्दू शाळेत जावे, एक दिवस त्यांनी इकडे यावे. भाषणे नकोत. कबड्डीचा डाव मिश्र संघांनी खेळावा, डबे एकत्र खावेत, एकमेकांची लिपी फळ्यावर गिरवून पाहावी. पुढे कधी गावात रात्री अफवा उठली, तर पलीकडच्या मोहल्ल्यातला एक तरी मुलगा नावाने ठाऊक असेल.

यासाठी पैसा लागत नाही, वरचा हुकूमही लागत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. या सभेत बसलेल्यांपैकी ज्यांची मुले अशा शाळेत आहेत त्यांनी ऑगस्टच्या बैठकीत हा विषय लेखी द्यावा. सप्टेंबर अखेरीस सोयाबीनची सोंगणी लागली की वर्ग रिकामे पडू लागतात, म्हणून जी मुले शेतावर जातील त्यांच्यासाठी पहिले चार दिवस राखून ठेवावेत.