भाकरीचे दुसरे वाटेकरी

राणी, ताटात भाकरी टाकू नकोस. ती काही एकट्या तुझी नाही. तिला अब्जावधी वाटेकरी आहेत. कुठे म्हणतेस? तुझ्याच पोटात!

ऐक. ज्वारीतलं बहुतेक पिष्ट लहान आतड्यात पचतं. चोथा पचवायला मात्र आपल्याकडे पाचकरसच नाही. तो सरकत सरकत दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात येतो. तिथे काळोख, प्राणवायू जवळपास नाहीच. पण जिवाणूंची पंगत बसलेली! पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांना भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंची विशेष गर्दी आढळली. हे 2016 सालचं.

अशा जिवाणूंनी चोथा आंबवला की ब्युटिरेट तयार होतं. खवट लोण्याचा उग्र वास येतो ना, तो याच्याच आम्लरूपाचा. आपण नाक मुरडतो, पण मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य अन्न. अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत बदलून नव्या येतात, त्यांना खाऊ लागणारच.

आता गंमत बघ. आतड्याच्या भिंतीपलीकडे रोगप्रतिकारक पेशींचा पहारा असतो. शेजारच्या प्रत्येक जिवाणूवर त्या तुटून पडल्या, तर दाह कधी शमायचाच नाही. पेशी जखमी होणार, घाईघाईनं नव्या बनणार, त्यात चुका साठणार, आणि त्यातून कॅन्सरही होऊ शकणार. म्हणून इतरांना आवर घालणाऱ्या ‘नियामक टी पेशी’ असतात. ब्युटिरेटमुळे आतड्यात त्या वाढतात, हे 2013 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. पुढच्याच वर्षी नागेंद्र सिंह, वडिवेल गणपती आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ब्युटिरेटचा संदेश टिपणारं प्रथिनच नसलेले उंदीर तपासले. त्यांच्या आतड्यात दाहही जास्त, गाठीही जास्त! म्हणजे शूर शिपाई हवेतच, पण हात आवरणारेही हवेत.

‘मग आबा, भाकरी खाल्ली की कॅन्सर होतच नाही?’

असं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस गं. धोका कमी होतो, संपत नाही. आपल्या गावचा मटणाचा नान-खलिया सणासुदीला खुशाल खा. रोज लाल मांस, दारू, तंबाखू नको. आणि शौचातून रक्त पडलं, तर मूळव्याध समजून चूर्ण घेत बसायचं नाही, सरळ घाटी रुग्णालयात दाखवायचं. आतड्यातल्या कोंबासारख्या गाठीचा कर्करोग व्हायला बहुधा कित्येक वर्षं लागतात. त्याआधी सापडली, तर डॉक्टर ती दुर्बिणीतूनच काढून टाकतात.