‘राजकारण नको’ म्हणणाऱ्या ग्रुपवर राजकारणच का?

सॉफ्टवेअरवाल्यांचा, डॉक्टरांचा किंवा शिक्षकांचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला, की वरच एक सूचना असते: फक्त कामाचे मेसेज टाकावेत, राजकारण, धर्म आणि गुड मॉर्निंग नको. नियम करणारा ॲडमिन आणि तो मोडणारे सभासद, सगळे शिकलेसवरलेले, आपापल्या कामात मुरलेले. तरीही डेटाबेसबद्दलचा प्रश्न दोन उत्तरांत निकाली निघतो आणि एखाद्या मंत्र्याच्या वक्तव्यावर मध्यरात्रीपर्यंत जुंपते. दोघेतिघे ग्रुप सोडतात, ॲडमिन नियम पुन्हा चिकटवतो आणि आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. ‘लोकांना उद्योग नाहीत’ असे म्हणून हा विषय बहुतेक वेळा झटकला जातो. पण नुसता वेळच घालवायचा असता, तर घरचा ग्रुप आणि सोसायटीचा कट्टा त्यासाठी पुरेसा होता. एकाच पेशातल्या माणसांपुढेच राजकारण बोलावेसे वाटते, कारण तिथे आपल्या शब्दाला पत असते. ही पत कामातून आलेली असते आणि राजकारणाच्या चर्चेत ती खर्च करता येते. या चर्चेची ओढ आणि तिच्यातला धोका, दोन्ही इथूनच सुरू होतात.

मुळात काम आणि राजकारण यांच्यामध्ये ग्रुपचा नियम समजतो तेवढी पक्की भिंत नाही. पुण्यातल्या आयटीवाल्यांसाठी सप्टेंबर २०२५ हा एकच महिना पाहावा. महिन्याच्या सुरुवातीला राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांमधली दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. १९ तारखेला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश काढला. या व्हिसाच्या मंजुऱ्यांमध्ये भारतीयांचा वाटा सत्तर टक्क्यांहून जास्त असतो. आदेश जुन्या व्हिसाधारकांना लागू आहे की नाही, हे सुरुवातीला स्पष्ट नव्हते. अनेक मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेबाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना तातडीने परत येण्याचा सल्ला दिला. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. मधल्या काळात सुट्टीवर घरी आलेल्या इंजिनिअरने ‘तिकीट आत्ताच काढू का?’ असे ग्रुपवर विचारले, तर तो प्रश्न कामाचा की राजकारणाचा? उत्तर देणारा आदेशाचा अर्थ लावणार, अर्थ लावताना हेतूबद्दल बोलणार आणि हेतूबद्दल बोलला की पक्ष आलाच.

पण धोरणाचा पोटापाण्याशी संबंध असतो, एवढ्याने सगळा उलगडा होत नाही. ज्या बातमीचा धंद्याशी काडीचा संबंध नाही, तिच्यावरही याच मंडळींत वाद रंगतो. अमेरिकेत १९४० च्या निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका काउंटीतल्या मतदारांचा अभ्यास केला. रेडिओ आणि वर्तमानपत्रांपेक्षा ओळखीच्या माणसांच्या बोलण्याचा प्रभाव मतदारांवर जास्त पडतो, असे त्यांना आढळले. मग ओळखीचे तर नातेवाईकही असतात आणि शेजारीही. सहकाऱ्यांचे वेगळेपण कशात? डायना मट्झ आणि जेफ्री मोंडाक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचे उत्तर सापडते. अमेरिकन माणसाच्या कानावर विरोधी राजकीय मत सर्वांत जास्त पडते ते कामाच्या ठिकाणी; कुटुंब, शेजार किंवा प्रार्थनास्थळ याबाबतीत मागे पडतात. मित्र आपण निवडतो, वस्तीही पुष्कळदा आपल्यासारख्यांचीच बघतो. शेजारच्या टेबलावर कोण बसणार हे मात्र कंपनी ठरवते. म्हणजे सहकारी हा असा माणूस, जो आपल्यापेक्षा वेगळे मत बाळगतो आणि ज्याची अक्कल आपण रोज कामात पाहिलेली असते. अनोळखी माणसाने टीव्हीवर मांडलेला मुद्दा आपण उडवून लावतो. ज्याने काल आपली अडकलेली सिस्टीम चालू करून दिली, त्याने तोच मुद्दा मांडला तर क्षणभर थांबावे लागते. अशा माणसाला आपले म्हणणे पटवावेसे वाटते आणि त्याला ते पटले नाही तर जास्त बोचते.

यावर एक खोचक आक्षेप आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ साली एका काल्पनिक समितीची गंमत लिहिली. एक कोटी पौंडांची अणुभट्टी ही समिती अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण ती बहुतेकांना कळतच नाही. साडेतीनशे पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास खल चालतो, कारण शेड सगळ्यांनाच कळते. राजकारण ही अशीच सायकल शेड आहे, तिथे तोंड उघडायला पात्रता लागत नाही, असे आक्षेप घेणारे म्हणतील. यात तथ्य आहे. उत्तरांची संख्या का वाढते, हे त्यातून समजते. पण क्रिकेट आणि मिसळ हेही सर्वांना कळणारे विषय आहेत. त्यांवरून कोणी ग्रुप सोडत नाही की वर्षानुवर्षांची बोलचाल बंद करत नाही. सोपेपणामुळे गर्दी होते, इतकी धग त्यातून येत नाही. ज्याला आपण शहाणा समजत होतो, तो ‘तिकडचा’ निघाल्याच्या धक्क्यातून ती येते.

ही पत योग्य जागी वापरली, तर समाजाच्या पदरात काय पडते याचे एक ठसठशीत उदाहरण संगणकशास्त्रातलेच आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८३ साली शत्रूची क्षेपणास्त्रे वाटेतच पाडणाऱ्या संरक्षण-कवचाची घोषणा केली. त्या योजनेच्या संगणकविषयक सल्लागार समितीवर डेव्हिड पार्नास या नामवंत संगणकतज्ज्ञाला घेण्यात आले. मानधन दिवसाला हजार डॉलर. १९८५ च्या जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि सोबत आठ छोटे निबंध जोडले. त्यांत युद्धविरोधी भाषण नव्हते. संरक्षण खात्याची कामे त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे केली होती. त्यांचा मुद्दा कारागिराचा होता. या सॉफ्टवेअरची खऱ्या परिस्थितीत चाचणी घेता येणार नाही, शत्रूची क्षेपणास्त्रे कशी वागतील हे आधी कळणार नाही आणि युद्ध सुरू झाल्यावर चुका दुरुस्त करायला वेळ मिळणार नाही. म्हणून त्यावर कधीच भरवसा ठेवता येणार नाही. देशाच्या सर्वांत मोठ्या राजकीय वादात ही भर एखादा सॉफ्टवेअरवालाच घालू शकत होता. ‘इथे राजकारण नको’ हा नियम काटेकोर पाळला असता, तर हे बोलणेही त्यात बसले नसते.

मात्र हीच पत भलत्या ठिकाणीही चालवली जाते. हृदयाची शस्त्रक्रिया निष्णातपणे करणारा माणूस इतिहासावर किंवा एखाद्या समाजाच्या आरक्षणावर बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात शस्त्रक्रियेचे गुण इतिहासाच्या खात्यावर जमा होतात. शिवाय पेशात पायऱ्या असतात. विभागप्रमुखाने पाठवलेल्या फॉरवर्डवर निवासी डॉक्टर अंगठा दाखवून मोकळा होतो. ज्या समाजाविषयी तो फॉरवर्ड आहे, त्या समाजातला एखादा सभासद गप्प राहतो आणि हळूहळू कामाचे प्रश्न विचारणेही सोडतो. ग्रुपचे खरे नुकसान इथे होते. भांडून ग्रुप सोडून गेलेले निदान दिसतात तरी. गप्प झालेल्यांची नोंद कुठेच होत नाही.

मग सरसकट बंदी का घालू नये? दोन अमेरिकन कंपन्यांनी घालून पाहिली. कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने २०२० मध्ये कामाशी असंबद्ध राजकारण दूर ठेवायचे ठरवले आणि न पटणाऱ्यांना पैसे घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली; सुमारे पाच टक्के कर्मचारी गेले. बेसकँप या सॉफ्टवेअर कंपनीने २०२१ मध्ये अशीच बंदी घातली, तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांनी नोकरी सोडली. बंदीच्या बाजूने कॉइनबेसचा दाखला देता येतो: कंपनी मोडली नाही. पण तिने वगळले होते ते असंबद्ध राजकारण. क्रिप्टोच्या कायद्यांबाबत तिने तोंड बंद ठेवले नाहीच, उलट २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत या क्षेत्राच्या बाजूने पैसा ओतणाऱ्यांत ती आघाडीवर होती. बेसकँपमध्ये वादाची ठिणगी पडली ती ग्राहकांच्या ‘गमतीदार’ वाटणाऱ्या नावांच्या, वर्षानुवर्षे जपलेल्या यादीवरून. ग्राहकांच्या नावांना हसावे का, हा कामाचाच प्रश्न होता. बंदीने त्यालाही राजकारणाच्या डब्यात ढकलले, आणि लोक बिथरले.

तेव्हा सीमा विषयावर आखण्यापेक्षा पत कुठून आली यावर आखलेली बरी. व्हिसाचा आदेश, कामाचे तास, औषधांच्या किमती यांवर पेशातल्या माणसांनी जरूर बोलावे. बोलताना आपल्या कामातून जे दिसते ते आधी मांडावे. त्यापलीकडच्या मतांना बंदी नको, पण ती कामाच्या ग्रुपवर आली तर अनोळखी माणसाच्या मताइतकाच पुरावा मागावा, मग ती विभागप्रमुखाची का असेनात. आणि ॲडमिनला नियम करायचाच असेल, तर ‘राजकारण नको’ याऐवजी ‘हे तुम्हाला कसे माहीत, ते सांगा’ असा करावा. या एका प्रश्नापुढे बरेचसे फॉरवर्ड टिकणार नाहीत; पार्नास यांचे आठही निबंध टिकले असते.