मार्केसास बेटांकडे शिडाच्या नौकेंतून

पॅसिफिक महासागराच्या नकाशावर विषुववृत्ताच्या किंचित् खालीं, पश्चिम रेखांश १४० च्या सुमारास, माशा बसाव्यात तसे दहाबारा ठिपके दिसतात. हींच मार्केसास बेटें. त्यांपैकीं वस्ती अवघ्या सहांवर, आणि एकंदर लोक नऊ-साडेनऊ हजार. सत्ता १८४२ पासून फ्रान्सची. तेथील घड्याळ ग्रीनिचच्या साडेनऊ तास मागें चालतें. अर्ध्या तासाची ही तऱ्हा आपल्याला परकी वाटूं नये!

आतां तेथें विमानें उतरतात. तरी शिडाच्या नौकेनें जाणारे हौशी प्रवासी दरवर्षी असतातच. पनामा कालवा ओलांडून गालापागोस बेटांवर थांबावयाचें, आणि मग सुमारें तीन हजार सागरी मैलांचा एकच पल्ला. तीन-चार आठवडे जमीन दृष्टीस पडत नाहीं. आरंभीं वारा पडलेला असतो. एकदां आग्नेयेकडील व्यापारी वारे पाठीशीं लागले, म्हणजे दिवसचे दिवस शिडाला हात लावावा लागत नाहीं. गोडें पाणी मात्र मोजून, आणि रात्रीं पाळीपाळीनें जागरण. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं समुद्रयान कलिवर्ज्यांत घातलें. ज्या लोकांना समुद्र हेंच अंगण, त्यांच्या शास्त्रांत असा निषेध कसा असणार? परंतु त्यांच्याहि येथें सोवळें होतेंच. त्याला ते ‘तापू’ म्हणत, आणि होडींत पाय ठेवणें स्त्रियांना तापू असे. आज त्याच बंदरांत स्त्रिया नौकेचें सुकाणू धरून शिरतात.

या बेटांभोंवतीं प्रवाळाचा तट नाहीं. काळे कडे सरळ समुद्रांत उतरलेले. नुकू हिवाचें ताइओहाए बंदर म्हणजे समुद्राच्या बाजूनें फुटलेलें ज्वालामुखीचें मुख. नांगर टाकल्यावरहि नौका हेलकावतच राहते. किनाऱ्यावर ‘नोनो’ नांवाच्या बारीक माशा अंग सोलून काढतात. प्रथम फ्रेंच शिपायांच्या कचेरींत कागदपत्रें दाखवावीं लागतात.

कागद विचारण्याची सोय १५९५ त नव्हती. त्या सालीं स्पेनचा मेंडान्या येथें आला, पेरूच्या राजप्रतिनिधीच्या ‘मार्किस’ या पदवीवरून त्यानें बेटांस नांव दिलें, आणि थोड्याच दिवसांत निघून गेला. तेवढ्यांत त्याच्या लोकांच्या बंदुकींनीं, त्याचाच मुख्य मार्गदर्शक किरोस याच्या हिशेबानें, सुमारें दोनशें माणसें मारलीं. पुढें देवमाशांचे शिकारी आले, चंदनाचे व्यापारी आले. १८६३ त पेरूहून आलेल्या जहाजानें देवी आणल्या आणि गांवेंच्या गांवें ओस पडलीं. हजारोंनीं मोजावयाची प्रजा १९२० नंतरच्या दशकांत दोन हजारांवर आली. पाहुणा म्हणून आलेल्याचें हें कर्तृत्व वाचतांना आम्हांस फार वेळ पुस्तक मिटून बसावें लागलें.

मिशनरी व सरकार यांनीं गोंदणें बंद केलें. अंगभर नक्षी वागविणारीं माणसें एकेक करून गेलीं. सुदैवानें १८९७ त फॉन डेन स्टाइनेन या जर्मन पंडितानें त्या आकृति उतरून घेतल्या होत्या. १९७८ त ‘मोतू हाका’ ही संस्था निघाली. १९८७ पासून नृत्यगीतांचा महोत्सव भरूं लागला. आतां तरुणांच्या अंगावर तीच नक्षी पुन्हां दिसते. २०२४ त युनेस्कोनें या बेटांना जागतिक वारशाच्या यादींत घेतलें, तेंहि त्यांच्या स्वतःच्या नांवानें: ‘ते हेनुआ एनाता’, म्हणजे माणसांची भूमि.

गृहिणींना सांगण्याजोगी गोष्ट जेवणाची. कोंकणांत ज्याच्या कापा तळतात तो नीरफणस येथील मुख्य अन्न. तो खड्ड्यांत पानांआड पुरून आंबवीत; दुष्काळांत असे जुने खड्डे उघडून लोक जगत. फातू हिवा बेटावर झाडाची साल कुटून कापड करण्याची कला बायकांनीं अजून टिकविली आहे. तेथें नौकावाल्यांकडून दोराच्या बदल्यांत फळें देण्याची चाल आहे. म्हणून पुढें तुआमोतूच्या सखल प्रवाळबेटांकडे, जेथें नारळाखेरीज फळ विरळाच, निघालेल्या नौकांच्या मागच्या बाजूस जाळ्यांतून भलींमोठीं पपनसें लोंबकळत असतात.