मिरवणुकीची फी

गणपतीची मिरवणूक रस्त्यावरून काढायची म्हटली, की मंडळाच्या कार्यकर्त्यांची पहिली फेरी सिटी हॉलला. परमिटची फी, पोलिसांचा ओव्हरटाइम, विमा... आकडा फुगत जातो आणि आपण निमूटपणे चेक फाडतो.

अशी फी घेणे कायदेशीर आहे का? आहे. १९४१ साली ‘कॉक्स विरुद्ध न्यू हॅम्पशायर’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने परवाना आणि बंदोबस्ताच्या खर्चापोटी फी घेणे योग्य ठरवले. पण त्यालाही मर्यादा आहे. जॉर्जियातल्या फोर्सिथ काउंटीत मिरवणुकीला दिवसाला १००० डॉलरपर्यंत फी लावता येई. नेमकी किती, ते अधिकाऱ्याने ठरवायचे. १९८९ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीला विरोध करणाऱ्या एका वर्णद्वेषी संघटनेला १०० डॉलर भरायला सांगितले. ती कोर्टात गेली. १९९२ साली सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो नियम रद्द केला. लोक चिडतील, बंदोबस्त वाढेल, म्हणून जास्त फी लावता येत नाही. आणि ठरलेल्या निकषांशिवाय आकडा अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही.

गंमत पाहा! आपल्याला बघून नाक मुरडणाऱ्यांनी मिळवलेला निकाल आपल्या ढोल-ताशांच्याही कामी येतो. आज त्याच फोर्सिथमध्ये भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात.

तेव्हा मंडळी, यंदा चेक लिहिण्याआधी खिडकीपलीकडच्या माणसाला हसून एवढेच विचारा, “छापील दरपत्रक दाखवता का?” आपला बाप्पा हिशेबाला पक्का आहे, आपणही असावे.