‘रिझर्व्ह’ म्हणजे कोणासाठी राखीव?

मोटारसायकलचे पेट्रोल संपत आले की पांढरकवड्यातला तरुण म्हणतो, गाडी रिझर्व्हला लागली. एसटीत आमदारांसाठी सीट राखीव असते. बंदोबस्ताला राज्य राखीव पोलीस दल येते. खिशातल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे नाव असते. यापैकी कशालाही कोणी नाक मुरडत नाही. पण आपला मुलगा ‘रिझर्व्ह’मधून नोकरीला लागला, की भल्याभल्यांना गुणवत्तेचा उमाळा येतो! हा काय प्रकार आहे?

‘रिझर्व्ह’ म्हणजे राखून ठेवणे. पण राखतो कोण आणि कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे. इंग्रजांनी १८७८ च्या वन कायद्याने ‘रिझर्व्ह फॉरेस्ट’ केले. ते राखले सरकारसाठी. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणारा आदिवासी त्याच जंगलात गुन्हेगार ठरला. हा ऐतिहासिक अन्याय होता, हे मान्य करायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला.

तोच शब्द बाबासाहेबांच्या राज्यघटनेत आला आणि त्याची दिशा फिरली. पांढरकवडा ज्या आर्णी विधानसभा मतदारसंघात येतो, तो कलम ३३२ नुसार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. जंगलातला ‘रिझर्व्ह’ माणसाला बाहेर काढत होता. घटनेतला ‘रिझर्व्ह’ त्याला सभागृहात नेतो.

कलम १६(४) नीट वाचा. नोकऱ्यांत ज्या मागासवर्गाला पुरेसे प्रतिनिधित्व नाही, त्याच्यासाठी ही तरतूद आहे. म्हणजे आरक्षण ही भीक नाही, गरिबी हटावची योजनाही नाही. तो राज्यकारभारातला वाटा आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के जागा राखल्या, त्या याच विचाराने.

‘आरक्षण दहाच वर्षांचे होते’ हीही लोणकढी थापच. दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये होती आणि ती फक्त लोकसभा-विधानसभेच्या जागांना. ती वाढत वाढत आता २०३० पर्यंत आहे. शिक्षण व नोकऱ्यांतील आरक्षणाला घटनेने मुदत घातलेली नाही.

हजारो वर्षे विद्या, गाभारा आणि पाणवठा मूठभरांसाठी राखीवच होते. फक्त त्यावर ‘रिझर्व्ह’ची पाटी नव्हती. तेव्हा गुणवत्ता कोणी विचारली? म्हणून ‘रिझर्व्हवाला’ असे कोणी हिणवले, तर आपल्या मुलांनी मान खाली घालू नये. कलम १६(४) काढून समोर ठेवावे.